आणखी बासष्ट कड्या

फायेटव्हिल, ९ जुलै २०१९

कोरिन,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचल्याची खूण येते, उत्तर येत नाही. म्हणून हा कागद. अफगाणिस्तानातून तुला लिहायचो तेव्हा निदान उत्तरात मांजरं तरी काढून पाठवायचीस.

इर्मा आत्यानं कळवलं की तू लफकिनला धड पोचलीस. सव्वीस तास बसमध्ये बसून पाय सुजले असतील. जाताना दारात तू म्हणालीस, "कागदावर मी टेक्सासची ना, डॅडी? मग जाते टेक्सासला." तुझी आई रडली. मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. इतकं तिखट बोलायला तू माझ्याकडूनच शिकलीस. मग तुझी मैत्रीण तुला बसपर्यंत सोडायला गाडी वळवून निघून गेली आणि मी बराच वेळ कचऱ्याचा डबा धरून अंगणात उभा होतो.

त्या दिवशी तू मला बोलू दिलं नाहीस, आता कागदावर बोलतो. नियम असा आहे. या राज्यात नेमणुकीवर असलेल्या सैनिकाच्या मुलांना इथल्या सरकारी कॉलेजात इथल्या मुलांएवढीच फी. एकदा वर्ग सुरू झाले की मग बाप निवृत्त होवो नाहीतर बदलून जावो, फी तीच राहते. पण वर्गाच्या पहिल्या दिवशी बाप नोकरीत पाहिजे. तुझा पहिला दिवस एकवीस ऑगस्ट. मी सैन्यातून मोकळा झालो एक जुलैला. मध्ये एक्कावन्न दिवस.

दोन जुलैला, बाहेरच्यांची फी भरा असं कॉलेजचं पत्र आलं तेव्हा तू माझ्यासाठी केलेला केक अर्धा फ्रिजमध्ये होता. त्यावर तू साखरेनं 'वीस वर्षं' लिहिलं होतंस. 'वीस' आम्ही खाल्लं होतं, 'वर्षं' उरलं होतं. तो केक मी अजून टाकलेला नाही, तुझी आई रोज ओरडते.

टेक्सासचं म्हणशील तर तो माझाच शहाणपणा. पाच वर्षं आपण इथे राहतोय, पण लायसन्स टेक्सासचं, गाडीची पाटी टेक्सासची, मतदान टेक्सासचं. का, तर टेक्सास पगारावर कर लावत नाही. आमच्या तुकडीत निम्मे लोक तसेच होते आणि आम्ही स्वतःला फार हुशार समजायचो. आता इथलं सरकार म्हणतं, तुम्ही परके. इथले होऊन बारा महिने भरले की या, तोवर परक्यांची फी. ती तिप्पट आहे आणि आपल्याला झेपणारी नाही. सैन्यानं मुलांच्या शिक्षणासाठी जे दिलं होतं ते मी सगळं तुझ्या भावाच्या नावावर केलं. डॅरिल ते संपवून अटलांटात मोबाइल फोन विकतो. त्याबद्दल तू मला काय म्हणालीस तेही लक्षात आहे.

टेक्सासची कॉलेजं तुला उद्या घरची फी लावतील, मला ठाऊक आहे. पण तिथे कापडाचं शिक्षण नाही. तुला जे शिकायचंय ते इथल्या या एका कॉलेजात आहे. तू नऊ वर्षांची असताना मी बाद झालेल्या पॅराशूटचा तुकडा घरी आणला होता आणि तू विचारलं होतंस, "हे फाटतं तर पुढे का फाटत जात नाही?" वीस वर्षं मी पॅराशूट बांधली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी तुला विणीतल्या जाड दोऱ्याच्या चौकटी दाखवल्या. तेव्हापासून घरातला एक पडदा धड राहिला नाही.

मला यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं, बाळा. नियमच तसा आहे. तिथलं लायसन्स मात्र काढू नकोस, एवढं ऐक.

डॅडी


फायेटव्हिल, १९ जुलै

कोरिन,

काल तुझ्या कॉलेजात जाऊन आलो. तुझी आई म्हणाली, गणवेश घालून जा, काही फरक पडेल. गणवेश आता मला घालायचा अधिकार आहे की नाही यावर आम्ही दोघं अर्धा तास भांडलो. शेवटी चर्चचा सूट घातला.

खिडकीतला मुलगा तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा असेल. फार गोड बोलला. "सर, तुमच्या देशसेवेबद्दल मनापासून आभार," म्हणाला, आणि मग नाही म्हणाला. मी म्हटलं, तुमच्या वरच्यांना बोलवा. एक बाई आल्या. त्यांनीही आधी आभार मानले, मग नाही म्हणाल्या. तिसऱ्यानं तोंड उघडायच्या आधीच मी म्हटलं, "आभार राहू द्या, नुसतं नाही म्हणा, वेळ वाचेल." तो बिचारा फक्त पाणी द्यायला आला होता.

त्यांनी एक मात्र सांगितलं. आपण आता इथले झालो आणि इथेच राहिलो, तर पुढच्या जुलैत बारा महिने भरतात. तू पुन्हा अर्ज करायचा, तुझे गुण बघता ते घेतील, आणि फी घरची लागेल. पण तूही इथेच राहायला पाहिजेस. तू तिथे कॉलेज धरलंस, लायसन्स काढलंस, की तू तिकडची. मग पुढच्या वर्षीही तेच गाऱ्हाणं. तुझं एक वर्ष माझ्यामुळे गेलंच, दुसरं तरी जाऊ देऊ नकोस.

परत येताना निवृत्तीच्या कचेरीत फेअरक्लॉथ बाईंकडे गेलो. माझे कागद त्यांनीच केले होते. मी म्हटलं, "बाई, मला साठ दिवसांसाठी परत घ्या. झाडू मारतो, भांडी घासतो." त्यांनी चष्मा काढला. "सार्जंट, बैल गेला आणि तुम्ही झोपा करताय. मार्चमध्ये मी या खुर्चीत बसून काय विचारलं होतं तुम्हाला?"

आता हे लिहावं लागतंय, कारण माझं पहिलं पत्र पेटीत टाकायच्या आधी तुझ्या आईनं वाचलं होतं आणि दहा दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. काल ती म्हणाली, "पोरीला खोटं लिहिलंस, ओडेल. ते तूच निस्तर." तर ऐक. कुणी सांगितलं नव्हतं असं मी लिहिलं, ते खरं नाही. फेअरक्लॉथ बाईंनी विचारलं होतं, घरात या वर्षी कॉलेजात जाणारं कुणी आहे का. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, मग जुलै नको, एक सप्टेंबर टाका, बासष्ट दिवसांचा प्रश्न आहे. त्यांनी सप्टेंबरचा फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवलाही होता.

मी जुलैच्या फॉर्मवर सही केली.

तुला माहितेय, पॅराशूटच्या छत्रीच्या प्रत्येक घडीसोबत एक कार्ड असतं. घडी घालणारा त्यावर आपलं नाव लिहितो आणि ते छोट्या खिशात सरकवतो. आणि कुणीही अधिकारी कुठल्याही दिवशी येऊन म्हणू शकतो, तू बांधलीस ना, मग ही घाल आणि विमानातून उडी मार. वीस वर्षांत मी न तपासता एकही सही केली नाही. आणि ही केली.

का केली ते विचारू नकोस. आत्याला मदत कर. तिच्या दुकानातले पडदे शिवताना बोटं सांभाळ, तिचं जुनं मशीन चावतं.

डॅडी


फायेटव्हिल, २ ऑगस्ट

कोरिन,

गाड्यांच्या पाट्या बदलल्या. माझं आणि आईचं लायसन्स बदललं. फोटोत मी चोर दिसतो. मतदार यादीतही नाव घातलं. घराचा करार तुझ्या आईच्या नावावर केला, कारण फेअरक्लॉथ बाई म्हणाल्या की आईबापांपैकी एकजण पक्का इथला असला की काम होतं. त्या मला आता पेकान नट खायला देतात, म्हणजे माझी दया येत असणार.

काल इर्मा आत्याला फोन केला. तू दुकानातच होतीस, मागे मशीनचा आवाज येत होता. आत्याचं बोलणं तुला ठाऊकच आहे. "ओडेल, पोरीला काय मी पट्ट्यानं बांधून बसमध्ये टाकू? ती म्हणते, डॅडी त्या घरात आहेत तोवर पाऊल टाकणार नाही. अठरा वर्षांची आहे, आणि तुझीच मुलगी आहे, म्हणजे डोकं दगडाचं. चर्चच्या गायकांचे चाळीस झगे शिवायचेत मला, ठेव फोन."

मग ठेवता ठेवता म्हणाली की तू तिथल्या कॉलेजचा फॉर्म आणला आहेस, हिशेब शिकायला, आणि सोळा तारखेला लायसन्सच्या कचेरीत तुझी वेळ आहे. कोरिन, तुला हिशेब आवडत नाही. दुकानातलं सुट्टं परत घेतानाही तू मोजत नाहीस.

मी दिवसभर घरात असतो. मोकळा माणूस काय करतो ते मला कुणी शिकवलं नाही. तुझ्या खोलीतली फळी सरळ केली, गॅरेज दोनदा झाडलं. तुझ्या आईनं परवा डब्यातल्या चमच्यांना हात लावू नकोस म्हणून सांगितलं, मी त्यांची रांग लावत होतो. सहाशे लोकांच्या पाठीवरच्या छत्र्या एका दिवसात तयार करून दिल्या आहेत मी, आणि तुला एका बसमध्ये बसवता येत नाही.

तू येणार नसशील तर निदान सोळा तारखेला जाऊ नकोस.

डॅडी


११ ऑगस्ट, रविवार

(हे पाठवायचं नाही.)

कोरिन,

काल तुझं कार्ड आलं. पुढे लफकिनच्या पाइनच्या झाडांचा फोटो, मागे एकच ओळ. "सप्टेंबर का नाही घेतलात? खरं सांगा."

तुझी आई चर्चला गेली आहे. मी डोकं दुखतं म्हणून राहिलो. खरं सांग म्हणतेस, तर एकदा कुठेतरी लिहून टाकतो. ते तुझ्यापर्यंत पोचायचं नाही.

तू सहा वर्षांची होतीस. मी जानेवारीत अफगाणिस्तानात गेलो, बारा महिन्यांसाठी. तुमच्या शाळेत सगळ्याच मुलांचे बाप गेले होते, आणि सगळ्यांच्या घरी रंगीत कागदाची साखळी होती, एका दिवसाची एक कडी. तुझी स्वयंपाकघराच्या खिडकीपासून तुझ्या पलंगापर्यंत गेली होती. रोज सकाळी तू एक फाडायचीस. शंभराच्या पुढे मोजायला तू त्या साखळीवर शिकलीस. मग एप्रिलमध्ये वरून हुकूम आला, बाराचे पंधरा महिने. तुझ्या आईला ते तुला सांगायचा धीर झाला नाही. तू शाळेत असताना तिनं साखळीच्या टोकाला नव्वद कड्या चिकटवल्या. रंगीत कागद संपला होता, म्हणून वाणसामानाच्या दुकानाची जाहिरातीची पानं कापली. आल्या आल्या तुला दिसलं. साखळीच्या शेवटी हॅमचे आणि साबणाचे फोटो होते.

तू ओरडली नाहीस, असं आई म्हणाली. खुर्ची ओढलीस, वर चढलीस आणि त्या नव्वदच्या नव्वद काढून कचऱ्यात टाकल्यास. मग बारा महिने संपले, साखळी संपली, आणि मी आलो नाही. मला फोन लागायचा तेव्हा आई तुला बोलवायची आणि मला ऐकू यायचं, "कोण? मी नाही ओळखत." तीन महिने. बाकी तिथे जे काही झालं ते माझ्या अंगावरून गेलं, हे गेलं नाही.

परत आलो तेव्हा तू दाराआड होतीस. मी गुडघ्यावर बसलो आणि म्हटलं, "तुझ्या साखळीला यापुढे एक कडीसुद्धा वाढणार नाही. डॅडीचा शब्द." तू मला करंगळीत करंगळी अडकवायला लावलंस. तुला आठवत असेल नसेल.

या वर्षी दहा मार्चला तू शेवटची साखळी केलीस. एक जुलैपर्यंतची. "डॅडी, ही तुमच्या जाण्याची नाही, घरी राहण्याची आहे," म्हणालीस. अठरा वर्षांची घोडी झालीस आणि जमिनीवर मांडी घालून कागद कापत होतीस. एकशे तेरा कड्या. खिडकीवर टांगलीस. तीन दिवसांनी फेअरक्लॉथ बाईंनी तो सप्टेंबरचा फॉर्म माझ्यासमोर ठेवला.

बासष्ट कड्या वाढवाव्या लागल्या असत्या, बाळा. घरी येऊन तुला सांगावं लागलं असतं. मला ती कचऱ्यातली हॅमची चित्रं दिसली. आणि त्या म्हणाल्या होत्या ते मी नीट ऐकलंही नाही, वाटलं, तुझं नाव कॉलेजात लागलं आहे, ती चिठ्ठी आपल्या हातात आहे, आता कशाला कोण विचारतंय. सही केली आणि घरी आलो. तू त्या दिवसाची कडी माझ्यासाठी ठेवली होतीस. मी फाडली.

मग रोज तू फाडत गेलीस. टाळ्या वाजवून फाडायचीस. आपल्याच हातानं तू तुझं कॉलेज एक एक दिवस फाडलंस, आणि मी शेजारी कॉफी पीत उभा होतो.

तुझ्या आईला आज सकाळी हे सांगितलं. तिनं चर्चला न्यायची पर्स खाली ठेवली. मग म्हणाली, "तिला सांग. ती उद्याच्या बसनं येईल." मी म्हटलं, येईल, लोरेटा, मलाही ठाऊक आहे. रडत येईल, माझ्या गळ्यात पडेल, आणि मग जन्मभर म्हणत राहील की मी साखळी केली नसती तर. सहा वर्षांच्या पोरीनं हट्ट धरला म्हणून तिचं शिक्षण गेलं, असं तिनं स्वतःशी म्हणायचं. असलं ओझं मी मुलीच्या पाठीवर बांधून द्यायचं नाही. मी ते काम जाणतो. वाईट बांधलेलं ओझं उडी मारल्यावरच कळतं.

हे पान जाळायला अंगणात जातो आहे. शेजारचे विचारतील तर सांगीन, मक्याची कणसं भाजतोय.


फायेटव्हिल, १२ ऑगस्ट

कोरिन,

तुझं कार्ड मिळालं. खरं सांगा म्हणालीस, तर सांगतो.

कंटाळा आला होता. माझ्या टेबलासमोर जो नवा कॅप्टन बसवला होता, आपल्या डॅरिलच्या वयाचा, त्याचं तोंड आणखी दोन महिने बघायची माझी तयारी नव्हती. वीस वर्षं म्हणजे वीस वर्षं, त्यावर एक दिवस नको, असं सगळ्यांना ऐकवत फिरत होतो. फेअरक्लॉथ बाई काय सांगतायत ते मी ऐकलं नाही. तुझा विचार केला नाही. एवढंच आहे. याच्या आत आणखी काही शोधू नकोस, काही नाही. तुझा राग बरोबर आहे आणि तो माझ्यावरच आहे. दुसरं कुणी त्यात नाही.

आता कामाचं. मी घरात आहे तोवर तू येणार नाहीस, असं आत्याकडून कळलं. अॅरिझोनात युमाला एका कंपनीला छत्र्या तपासणारा माणूस हवा होता. मी हो म्हटलं आहे. माझी गाडी परवा, बुधवारी सकाळी निघते. म्हणजे पंधरा तारखेला तू बसमध्ये बसलीस तर सोळाला पोचशील, आणि घरात फक्त आई असेल. ती इथली पक्की रहिवासी आहे, कागद तिच्या नावावर आहेत, त्यामुळे मी नसलो तरी काही अडत नाही. मी ते दोनदा विचारून घेतलं आहे. या वेळी लिहूनही घेतलं आहे.

फ्रिजवर निळी फाइल ठेवली आहे. त्यात तुझा अर्ज, इथलं लायसन्स काढायला काय काय लागतं त्याची यादी, आणि कॉलेजच्या त्या बाईंचं नाव. फार आभार मानतात, पण कामाच्या आहेत. या वर्षभर गावातल्या झगे शिवणाऱ्या दुकानात काम मिळेल, मी मालकिणीशी बोललो आहे. पुढच्या जुलैच्या तीस तारखेला बारा महिने भरतात. त्या दिवशीच अर्ज टाक, एकतीसवर ढकलू नकोस.

पहिल्या दिवशी वर्गात विचारलं की कापड का, तर त्या फाटक्या तुकड्याचं सांग. त्यांना आवडेल.

युमाचं काम दोन वर्षांचं म्हणाले, पुढे वाढेल असंही म्हणाले. नक्की तारीख त्यांनी दिलेली नाही. खिडकीवरचा खिळा मी काढला नाही, तुझ्या आईला झाड टांगायला होईल. तू तिथे काही टांगू नकोस, बाळा. किती दिवस ते या वेळी मलाच माहीत नाही.

वरचं सगळं मी बांधलं, मी तपासलं, आणि त्यावर सही माझी आहे.

ओडेल गेन्स